घाणेरीचे तक्ते

मी काय काम करते, हे माझ्या बाबांना चारचौघांत धड सांगता यायचं नाही. आमच्या घरात पणजोबांपर्यंत सगळे पूजा सांगणारे, त्यानंतरचे सगळे कारकून. बाबा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. मी रसायनशास्त्र शिकले आणि वाळूजच्या एका कारखान्यात लाकडाला लाकूड चिकटवणारे डिंक तयार करायला लागले. कुणी विचारलं की बाबा आधी घसा साफ करायचे आणि म्हणायचे, "केमिकलमध्ये आहे." एकदा मला बघायला आलेल्या मंडळींनी फारच खोदून विचारलं, तेव्हा बाबांनी हार मानली. "डिंक करते," ते म्हणाले. पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर बाळंतिणीचे लाडू आले असावेत, कारण मुलाची आई कौतुकानं म्हणाली, "अरे वा, म्हणजे स्वयंपाकाची आवड दिसतेय!"

ते लग्न काही जमलं नाही. डिंक मात्र जमला.

कॉलेजपासूनची माझी एक मैत्रीण होती. तिच्या अब्बांची छावणीत लाकडाची वखार होती आणि एकुलती एक मुलगी म्हणून ती शिक्षण संपताच वखारीत येऊन बसली होती. घरात ती दखनी बोलायची, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि भांडताना दोन्ही एकदम. तिचे अब्बा, म्हणजे माझे चाचा, उंच, गोरे, पांढऱ्या दाढीचे. सागवान सोडून बाकी सगळ्या झाडांना ते 'झाडं' म्हणायचे. सागवानाला 'माल'.

दुष्काळाची वर्षं होती ती. आमच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. पाणी येणार त्या दिवशी कुणी कुणाकडं पाहुणा जायचा नाही आणि गेलाच तर त्याच्या हातात आधी बादली यायची. शहर मात्र थांबायला तयार नव्हतं. बीड बायपासच्या पलीकडं, शेजारच्याच सातारा गावाच्या डोंगराच्या पायथ्याला, पैठण रोडला, जिकडं बघावं तिकडं इमारतींचे सांगाडे उभे राहत होते. पाणी कमी आणि घरं जास्त, असा उलटा हिशोब होता. तेव्हा आम्ही शहराला औरंगाबाद म्हणायचो. चाचा नुसतंच 'शहर' म्हणायचे, जणू दुसरं शहर नाहीच.

अशाच एका उन्हाळ्यात मैत्रीण जीप घेऊन आमच्या दारात आली आणि तिनं अंगणात काटक्यांची एक मोळी टाकली.

"ओळख," ती म्हणाली.

ओळखायचं काय त्यात? वासच सांगत होता. "घाणेरी."

घाणेरी म्हणजे ते रंगीबेरंगी बारीक फुलांचं काटेरी झुडूप. दिसायला छान, वागायला वाईट. एकदा रानात शिरलं की गवत उगवू देत नाही, आणि त्याचा पाला शेळीसुद्धा खात नाही.

"आणि ह्या?"

"सागाच्या फांद्या."

"बरोबर. कन्नडच्या पुढं, घाटाच्या अलीकडं याचे ढीग लागलेत. वनखात्यानं घाणेरी काढायला घेतलीय आणि सागाची विरळणी केलीय. सरळ बुंधे लिलावात गेले. उरलेलं तसंच पडलंय. एखादी काडी पडली की सगळं रान पेटेल. अब्बा बुंध्यांवर बोली लावत होते आणि मी मागं उभी राहून ते उरलेलं बघत होते. तुझ्या डिंकानं हे चिकटेल?"

"कशाला?"

"एकमेकाला. आणखी कशाला?"

मला हसू आलं, पण थोड्या वेळानं थांबलं. कारखान्यात मी परदेशातल्या एका बोर्डाचा तुकडा पाहिला होता. बारीक लाकडाच्या लांबट ढलप्या काढून, त्यांना डिंक लावून, एक थर उभा, एक आडवा असे रचून, गरम प्रेसमध्ये दाबलेला. आपल्याकडं कपाटाच्या आत लावतात तो भुशाचा बोर्ड नव्हे. हा भिंतीला चालतो, छपराला चालतो, वर माणसं नाचली तरी चालतो. तिकडची माणसं त्याची घरं बांधतात. आणि त्याला मोठं झाड लागत नाही.

हे मी तिला सांगितलं, हीच चूक झाली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा दारात उभी.

"नोकरी सोड," ती म्हणाली.

मी आधी बिनपगारी रजा घेतली, मग नोकरी सोडली. बाबा संध्याकाळी आईला म्हणाले, "आधी डिंक करत होती, तेवढं तरी सांगता येत होतं."

चितेगावला एका प्लायवूडवाल्यानं धंदा आवरला होता. त्याची शेड आम्ही भाड्यानं घेतली. आत एक म्हातारी प्रेस होती, तापायला सकाळ घालवणारी आणि एकदा तापली की दुपारभर धुसफुसणारी. शेडसमोरच्या रस्त्यानं धरणाचं पाणी शहराकडं नेणारी भली मोठी पाइपलाइन गेली होती. तिच्या जोडाजवळ कुठं ओल दिसली की चिमण्यांची गर्दी व्हायची. आमच्या शेडला मात्र त्यातला थेंब नव्हता.

आणि आम्हाला पाणीच हवं होतं. हे आधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. ढलप्या काढायला सुऱ्या बसवलेली एक मोठी फिरती चकती होती. तिच्यात आम्ही वाळलेल्या फांद्या घातल्या, तर पलीकडून ढलप्या आल्याच नाहीत. आला तो भुगा. त्याचा लोट असा उठला की आम्ही दोघी हळकुंडासारख्या पिवळ्या होऊन बाहेर पळालो. लाकूड वाळलं की ते कापलं जात नाही, फुटतं. आधी हौदात दोन-तीन दिवस भिजवायचं आणि मग तासायचं, अशी त्याची रीत. पुस्तकात एका ओळीत लिहिलेली. पुस्तक लिहिणाऱ्याच्या गावाला दुष्काळ नसावा.

आम्ही टँकर सांगितला. टँकरवाला वयस्कर माणूस होता. त्यानं पाइप हौदात सोडला आणि सहज विचारलं, "एवढं पाणी कशाला लागतंय?"

"लाकूड भिजवायला," मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडं बघितलं, मैत्रिणीकडं बघितलं आणि ढिगाकडं बघितलं. "लाकडाला?"

"हो."

"पुढच्या वस्तीवर बाया हंडे घेऊन उभ्या हायेत, बाई." एवढं म्हणून त्यानं पाइप गुंडाळला, टँकर वळवला आणि तो गेलासुद्धा.

आम्ही दोघी रिकाम्या हौदाच्या कठड्यावर बसून राहिलो. त्याच्यावर रागवायलाही जागा नव्हती. शेवटी जीपमधून छावणीकडं परत निघालो. वखारीच्या फाटकाशी मैत्रिणीनं ब्रेक दाबला.

"लाकडात पाणी असतंच ना आधी?"

"असतं. तोडल्यावर वाळतं."

"मग वाळायच्या आत तासू. लाकूड इथं कशाला आणायचं? मशीन तिकडं नेऊ."

असं आमचं यंत्र ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढलं आणि डिझेल इंजिनासकट कन्नडच्या पुढच्या एका गावात जाऊन उतरलं. घाणेरी काढायचं काम त्या गावच्या बायकांच्या बचत गटाकडं होतं. गटाची अध्यक्ष म्हणजे एक पन्नाशीची ठेंगणी, ठसठशीत बाई. सगळं गाव तिला आक्का म्हणायचं, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. यंत्राभोवती एक फेरी मारून तिनं पदर खोचला.

"मंजी आमी तोडायचं, तुमी तासायचं?"

"हो."

"अन् मंग त्याची भित करनार?"

"हो, आक्का. भिंत, छप्पर, जमीन. काय म्हणाल ते."

"घाणेरीची भित!" तिनं मागं वळून बाकीच्या बायकांना सांगितलं. हशा पिकला. एकीनं पदर तोंडात कोंबला तरी तिचं हसू आवरेना. आक्का स्वतः मात्र हसली नाही. ती म्हणाली, "इतकी वर्सं हिनं आमचं रान खाल्लं. आता हिलाच कामाला लावू. लई बेस. पर ताई, मजुरी रोजच्या रोज पायजे. घाणेरीच्या काट्यावानी आडकवून ठिवायचं नाय."

ठरलं. बायका सकाळी तोडायच्या, दुपारच्या आत मोळ्या यंत्रापाशी यायच्या. ताज्या लाकडाच्या ढलप्या पडायला लागल्या, तेव्हा मी ओंजळभर उचलून नाकाला लावल्या. लांब, पातळ, कुरळ्या, आणि किंचित ओल्या. त्या वाळवायला ऊन हवं होतं, आणि त्या वर्षी आमच्याकडं मुबलक असं तेवढंच होतं. आक्कानं गावाबाहेरचं खळं दाखवलं. "हितं पसरा," ती म्हणाली, "औंदा हितं दुसरं काय येनार हाय?" बाजरी, मका काहीच हाताला लागलं नव्हतं. सारवलेल्या त्या स्वच्छ खळ्यावर ताडपत्र्या टाकून आम्ही ढलप्या पसरल्या. बायका त्या पायानं उलथायला लागल्या, धान्य उलथावं तशा. मग कुणीतरी नवऱ्याच्या घोरण्यावरून कुणाची तरी चेष्टा केली आणि काम पुढं चालू राहिलं.

पोती भरून ढलप्या चितेगावला आल्या. मी डिंक फवारला, आम्ही थर रचले, प्रेस बंद केली. दोघी जणी घड्याळाकडं न बघता फक्त वासाकडं लक्ष ठेवून उभ्या होतो. प्रेस उघडली तेव्हा आत एक तक्ता होता. सोनेरी, चकाकता, अंगावर ढलप्यांची नक्षी असलेला. मैत्रीण त्याच्यावर उभी राहिली. मग मी उभी राहिले. मग आम्ही दोघींनी उड्या मारल्या. मग शेडमधले सगळे कामगार आळीपाळीनं उड्या मारून गेले. तक्ता काही बोलला नाही.

त्यातला एक तुकडा मी मिरवत घरी आणला आणि स्वयंपाकघरात पाण्याच्या पिंपाखाली ठेवला. आठवडाभराचं पाणी भरलेलं पिंप, म्हणजे वजनाची परीक्षा आपोआप होणार. वजन त्यानं पेललंही. पण पिंपाच्या तोटीला बारीक गळती होती. पुढच्या वेळी नळाला पाणी आलं त्या दिवशी बघते, तर तक्त्याची एक कड भिजलेल्या टोस्टासारखी फुगलेली. आईनं बोटानं टोचलं तर बोट आत गेलं. पिंप तिरकं झालं होतं.

बाबा चष्मा लावून खाली वाकले. बराच वेळ निरखून म्हणाले, "दुष्काळात चालेल."

ते चिडवत नव्हते, हेच जास्त लागलं. खरंच होतं ते. आम्ही वजन बघितलं, उष्णता बघितली, वाळवी बघितली. पाणी कुणी बघितलंच नाही, कारण आसपास बघायला पाणीच नव्हतं. मी स्वस्तातला पांढरा, युरियाचा डिंक वापरला होता. तो पाण्याला टिकत नाही, हे मला परीक्षेत उत्तर म्हणून येत होतं.

मग डिंक बदलायला बसले. फिनॉलचा, गडद तांबडा, उग्र वासाचा. तो महाग, त्याला प्रेस जास्त तापवावी लागायची, आणि त्यात थोडं मेण घालावं लागायचं, म्हणजे ढलप्या पाणी शोषत नाहीत. तयार झालेला तुकडा टिकतो का हे बघायला तो उकळून काढायचा. शेडमध्ये तशी सोय नव्हती, म्हणून आईचा जुना कुकर कामाला लावला. महिनाभर आमच्या घरात शिट्ट्या व्हायच्या आणि शेजारच्या काकू विचारायच्या, "आज काय, राजमा?" कित्येक तुकडे पापुद्रे सुटून बाहेर आले. एके दिवशी एक तुकडा जसा आत गेला तसाच बाहेर आला. मी तो आईच्या हातात दिला. तिनं पिळून बघितला, वाकवून बघितला आणि म्हणाली, "कडक आहे." नंतर तिनं कुकरचा वास घेतला. "हा कुकर तुला आहेर," ती म्हणाली. "आमच्या भाताला नको."

आता तक्ते होते, पण घेणारा कुणी नव्हता. बिल्डर यायचे, नखानं खरवडायचे, 'बुंध्याचं नाही ना हे' म्हणायचे आणि जायचे. सगळ्यांत मोठा विरोधक तर घरातच होता. चाचांनी आमचा माल वखारीच्या दर्शनी भागात ठेवू दिला नाही. मागं, बांधकामाच्या बल्ल्यांच्या आडोशाला, पोत्याखाली झाकून ठेवला होता.

"चाचा, निदान बघा तरी," मी म्हणायचे.

"बेटा, तू बहुत हुशार है," ते प्रेमानं म्हणायचे. "लेकिन ये कचरा है. इसपे बिल्ली भी बैठी तो टूट जाएगा."

वखारीच्या तोंडाशी चाचांचं तख्त होतं. जुन्या सागवानाचं, रुंद, वर गादी आणि लोड. चाचा सकाळी त्यावर बसले की दुपारच्या जेवणालाच उठायचे. येणारे-जाणारे व्यापारी, ठेकेदार, शेजारी सगळे त्याच तख्तावर मांडी घालून चहा प्यायचे. एकदा बाहेरगावचा एक शौकीन माणूस शेतावरच्या बंगल्यासाठी जुनं सागवान शोधत आला. वखारीतलं काही त्याच्या मनाला येईना. त्याची नजर खाली गेली. चाचा व्यापारी माणूस. थोडा वेळ घासाघीस झाली, आणि ते बसल्या जागेवरून उठले. तख्त टेम्पोत चढलं.

संध्याकाळी ते खुर्चीवर बसून कण्हत होते. खुर्चीत त्यांना मांडी घालता येईना. "कलतक नया बना दे," त्यांनी लेकीला सांगितलं.

तिनं बनवून दिलं. वखारीतल्या सुताराकडून मागच्या अंगणात सांगाडा करून घेतला, वर आमचे तक्ते ठोकले, दर्शनी बाजूला सागवानाची पातळ पट्टी लावली, वर जुनीच गादी पसरली, कडेनं चादर सोडली. मला तिनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी विचारलं, "आणि कळलं तर?"

"कळलं तर बसलेले असतील ना," ती म्हणाली.

चाचा आले, बसले, हलून बघितलं. "पुरानेवाला चूं-चूं करता था," ते खूश होऊन म्हणाले. "ये चुप है. किसका काम है?"

"अपने इधर का," ती म्हणाली आणि बिलं करायला वळली.

ईद आली. दिवसभर वखारीत माणसं येत होती, गळाभेटी होत होत्या, शीरखुर्म्याच्या वाट्या फिरत होत्या. तख्तावर एका वेळी किती जण बसले असतील, देव जाणे. मी एका कोपऱ्यात वाटी घेऊन उभी होते आणि प्रत्येक नवा माणूस बसला की वाकून तख्ताचे पाय बघायचे. मैत्रीण मात्र सगळ्यांना आग्रह करत होती, "बैठो ना मामू, जगह है, अंदर सरको."

पुढं काही आठवड्यांनी बाबांना नवा देव्हारा करायचा होता, म्हणून मी त्यांना वखारीत घेऊन गेले. चाचांनी त्यांना हाताला धरून तख्तावर बसवलं. तिथं आधीच चाचांचे एक व्यापारी मित्र होते आणि साताऱ्याकडं इमारत बांधणारा एक जाडजूड ठेकेदार होता. तो रडकुंडीला आला होता. कामगारांना राहायला पत्र्याच्या खोल्या दिल्या होत्या. उन्हानं त्या भट्टीसारख्या तापायच्या आणि कामगार काम टाकून गावाकडं निघून चालले होते.

"पत्र्याऐवजी आमचे तक्ते लावून बघा," मैत्रीण गल्ल्यापासून म्हणाली. "तापत नाहीत. खोली उचलून दुसरीकडं नेता येते."

"कसले तक्ते?" ठेकेदारानं विचारलं.

"अरे छोड़ो," चाचा हसून म्हणाले. त्यांनी मांडीवर थाप मारली. "बच्चों का खेल है. घाणेरी का तख्ता! बिल्ली बैठी तो टूट जाएगा."

व्यापारी हसला. ठेकेदारही हसला. माझे बाबा हसले नाहीत. जन्मभर कारकुनी केलेला माणूस. कुठंही चुकीची नोंद झालेली त्यांना सहन व्हायची नाही. मी घरी सगळं सांगितलं होतं, पण हे गुपित आहे एवढं सांगायचं राहिलं होतं. ते अगदी मनापासून म्हणाले, "पण आपण सगळे त्याच्यावरच बसलोय ना?"

मैत्रीण चहाच्या कपात बघत होती. मी कुठं बघावं हे न कळून छपराकडं बघितलं.

चाचा सावकाश उठले. "उठो," ते सगळ्यांना म्हणाले. ठेकेदार उठला, व्यापारी उठला, बाबा चप्पल शोधायला लागले. चाचांनी चादर वर केली, गादीचा कोपरा उचलला. खिशातून चष्मा काढून लावला. बोटाच्या पेरानं एका ठिकाणी वाजवलं, मग दुसऱ्या. तक्त्यावर तळहात ठेवून तो त्यांनी लांबवर फिरवला, सागवानावर फिरवत तसा.

"कबसे?" त्यांनी विचारलं.

"ईद के पहलेसे," ती म्हणाली.

मला वाटलं, आता ते ओरडतील. त्यांनी गादी पुन्हा सारखी केली, लोड ठोकून जागेवर ठेवला आणि मांडी घालून बसले. "बैठो," ते ठेकेदाराला म्हणाले. "टूटनेवाला होता तो टूट गया होता." मग लेकीकडं वळून, गिऱ्हाइकाशी बोलावं तशा मराठीत म्हणाले, "कड नीट कापलेली नाही. गिऱ्हाईक आधी कडच बघतं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं घाईनं चहा सांगितला. कुणालाही नको होता तरी सगळ्यांनी घेतला.

ठेकेदारानं नमुन्याची एक खोली सांगितली. चाचा म्हणाले, आधी आपल्या अंगणात उभी करा, मी बघतो. वखारीमागं भर उन्हात खोली उभी राहिली. दुपारी चाचा उशी घेऊन आत गेले आणि दिवस कलल्यावर असरच्या नमाजालाच बाहेर आले. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ठेकेदाराचा फोन आला, तर ते म्हणाले, "अजून तपासणी चालू आहे." शेवटी मैत्रिणीनं ते झोपलेले नसताना खोली सोडवून ट्रकमध्ये घातली.

त्या खोल्या गेल्या आणि मग आणखी गेल्या. साताऱ्याचं काम संपलं की बोल्ट काढून त्या देवळाईला जायच्या, तिथून आणखी पुढं, जिथं अजून नुसते चुन्याचे पट्टे मारलेले असायचे तिथं. शहराची कड पुढं सरकायची आणि तिच्याआधी आमच्या खोल्या सरकायच्या. धंदा म्हणाल तर फार मोठा झाला नाही. पुढं बाहेरून मोठ्या कंपन्यांचे गुळगुळीत बोर्ड ट्रक भरभरून यायला लागले. घरांच्या आतल्या कामात आमचं काही चाललं नाही. पण खोल्यांचं काम टिकलं. मधल्या काळात चांगले पाऊसही झाले. तांबड्या डिंकाचे तक्ते भिजले, वाळले आणि तसेच राहिले. पहिल्या दोन पावसांत मी दर सकाळी कुठल्या ना कुठल्या साइटवर कडा चाचपत फिरायचे. नंतर सोडून दिलं. वखार आता मैत्रीण बघते. चाचा दुपारी येऊन कडा तपासतात.

एकदा आक्का कन्नडहून एसटीनं शहरात आली. तिला 'आपली भित' बघायची होती. मी तिला देवळाईच्या पुढच्या साइटवर नेलं. खोलीत एक तरुण कामगार बाई चुलीपाशी भाकरी थापत होती. आक्कानं बाहेरून भिंतीवर हात आपटला, आत जाऊन आपटला, ढलप्यांच्या नक्षीवर बोट ठेवलं. "ही घाणेरीच हाय व्हय?" तिनं मला विचारलं. मी हो म्हणाले, तरी तिनं नाक लावून वास घेतला. कसला वास यायचा? डिंकानं आणि प्रेसनं तो कधीच मारला होता.

"चांगली हाय का गं खोली?" तिनं त्या बाईला विचारलं.

"हाय की. गार ऱ्हाती," ती बाई म्हणाली. "पर खिळा जात नाय ओ मावशी. किती ठोका, वाकतोय. पिशवी कुटं आडकवावी?"

आक्कानं माझ्याकडं बघितलं. तिच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता, तो माझ्या बाबांच्या चेहऱ्यावर दिसायची मी किती वर्षं वाट बघितली होती. मग तिनं बाहेर जाऊन हातात मावेल असा एक दगड शोधून आणला, वाकलेला खिळा उंबऱ्यावर ठोकून सरळ केला, पदर खोचला आणि भिंतीशी उभी राहिली. तिसऱ्या घावाला खिळा आत गेला. बाईनं पीठ लागलेल्या हातानंच पिशवी अडकवून बघितली.

"आता एक भाकर दे मला," आक्का म्हणाली आणि चुलीपाशी बसली. मग पाणी कुठून आणता, टँकर कधी येतो, हंडा किती मिळतो, अशा त्या दोघींच्या गप्पा सुरू झाल्या. आक्काची बस चुकणार होती. मी दोनदा आठवण करून दिली, पण माझ्याकडं कुणाचं लक्षच नव्हतं.